हिरव्यावरचं बोट

नगर, दवाखाना
३१ जुलै २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी हिस आक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे दवाखान्यात जेवढं ठीक असतं तेवढं. सहादेवच्या जबड्याचे टाके सुकत आलेत. गळ्याला श्वासाची नळी आहे, त्यामुळे बोलता येत नाही, आणि अजून बरेच दिवस येणार नाही म्हणतात. नाकातल्या नळीतून दूध, पेज, डाळीचं पाणी चालू आहे. ते मीच देते. सिस्टर द्यायला येतात, पण त्या घाईत ओततात आणि त्याला ठसका लागतो. तुझा नवरा माझ्या हाताखाली आहे, तेव्हा काळजी करू नकोस. आरतीची बारावी आहे, तिच्याकडे बघ. म्हशींकडे बघ.

फोन सोडून चिठ्ठी का, असं तुला वाटेल. वॉर्डात मी फोनवर बोलायला लागले की सहादेव कान टवकारतो. आवाज गेलाय, कान शाबूत आहेत. बाहेर जाऊन बोलावं तर तुझं रडणं सुरू होतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून गहिनीनाथच्या दुधाच्या टेम्पोबरोबर हे पाठवते. एकटीने वाच, आरतीच्या हातात देऊ नकोस.

नागपंचमीला तू डबा घेऊन गेटपर्यंत आलीस आणि भेट न होता परत गेलीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. आत सोडत नाहीत त्याला मी तरी काय करणार. तुझी दिंडं वाया गेली नाहीत. मी खाल्ली आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोला, भीमाबाईला दिली. ती श्रीगोंद्याकडची आहे. पुरण गोड होतं म्हणाली.

आपलं ठरलेलं लक्षात ठेव. त्याला 'गाठ' एवढंच सांगितलंय. दुसरा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. तो शब्द इथे दारावरच्या पाटीवर हातभर मोठा लिहिलाय, पण उसाच्या तोडीला आई-बापामागे फिरण्यात त्याची शाळा बुडाली होती ती आता कामाला आली. मी मामाकडे राहून शिकले, तो सहीपुरता शिकला. त्याला पाटी वाचता येत नाही हे बरंच झालं म्हणायचं.

आता एक वेगळीच भानगड सांगते. इथे मोनिका नावाची एक बाई वॉर्डात फिरते. ना डॉक्टर, ना सिस्टर. गळ्यात ओळखपत्र, पायात साध्या चपला, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाला मी आधीपासून भिते. श्रीरामपूरची म्हणाली, तिकडे चर्च बरीच. मला वाटलं आता पिशवीतून येशूचं पुस्तक निघतंय. तसं काही निघालं नाही, पण पेशंटच्या मनाला काय होतंय ते विचारायचं हे तिचं काम, असं म्हणाली. अशा कामाला पगार कोण देतं? औषधाच्या कंपनीवाल्यांनी तर ठेवली नसेल? भीमाबाईला विचारलं तर ती म्हणते, ताई चांगली आहे, माझ्याजवळ बसली तर मला मोकळं वाटलं. भीमाबाई भोळी आहे, तिला काय.

त्या मोनिकाकडे एक जाड कार्ड आहे. त्यावर ताप मोजायच्या काडीचं चित्र, खाली शून्य, वर दहा. खाली हिरवा रंग, मध्ये पिवळा, वर लाल. मनाला जेवढा त्रास तेवढ्या आकड्यावर बोट ठेवायचं. ते बघून मला माझ्या अंगणवाडीतला पोरांच्या वजनाचा तक्ता आठवला. मूल लाल रंगात गेलं की पर्यवेक्षिका गाडी घेऊन दारात. मग चौकशी, खुलासा, आईची रडारड. त्यापेक्षा पोरांना आधी उसळ खाऊ घालायची आणि मग काट्यावर उभं करायचं. रंग हिरवा, सगळे सुखी. इथेही तेच असणार. सहादेवने वर कुठे बोट ठेवलं असतं तर त्यांनी वेड्यांच्या डॉक्टरला बोलावलं असतं. ती गोष्ट गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? उद्या आरतीचं स्थळ बघायचंय. मी त्याचं मनगट धरलं आणि बोट दोनवर टेकवलं. म्हटलं, दोन लिहा, माझा भाऊ खंबीर आहे.

बाईने लिहिलं. मग विचारते कशी, यांच्या मिसेस दिसल्या नाहीत? मी म्हटलं घरी जनावरं आहेत. तिने मान हलवली, पण ती मान हलवणं मला आवडलं नाही.

सहादेव मध्येमध्ये कपाळावर बोट टेकवतो आणि दाराकडे बघतो. कपाळ दुखत असेल म्हणून बाम लावला.

बाकी क्षेम. पाऊस नाही तर मक्याला पाणी दे.

मुक्ताबाई


नगर
५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी,

आशीर्वाद. गहिनीनाथकडून दूध आणि धुतलेले सदरे पोचले.

सरळ विषयाला येते. त्या मोनिकाला तू फोन केलास का? खरं सांग. गहिनीनाथ बोलता बोलता म्हणाला, वहिनी विचारत हुत्या, वॉर्डात कुनी ताई हाय का म्हनून. तुला ताईचं कसं कळलं? चिठ्ठीत मी तिचं नाव लिहिलं ते सावध राहण्यासाठी, तिच्याशी गट्टी करण्यासाठी नाही. ती मला तिसऱ्यांदा विचारून गेली, पत्नी कधी येणार. तिला तुझी एवढी काय पडलीय? कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते मला दिसत नाहीये, एवढंच मला दिसतंय.

परवा मी खाली पाणी भरायला गेले. वर आले तर सहादेवच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. आत ही बाई. मी पडद्यात हात घातला तर म्हणते, आक्का, थोडा वेळ द्या आम्हाला. आम्हाला! माझा भाऊ आणि तिचं 'आम्हाला' कधी झालं? तो बोलू शकत नाही, लिहू शकत नाही, मग आत एवढा वेळ चाललं होतं काय? मी पडद्याला कान लावला. तिचा आवाज, मग शांत, मग तिचा आवाज. आबासाहेब, म्हणजे भीमाबाईचे मालक, माझ्याकडे बघून हसले. त्यांचा घसा गेलाय पण हसणं गेलं नाही.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चित्रांचा गठ्ठा होता. घर, पैसे, झोप, दुखणं, बायका-पोरं, अशी चित्रं. काय म्हणाला, असं मी विचारलं. तर म्हणते, ते सांगू का म्हणून आधी त्यांना विचारते. म्हणजे सख्ख्या बहिणीला सांगायला परवानगी. मी पाळण्यापासून त्याला बघितलंय. ऊसतोडकऱ्यांच्या थळावर पाचटाच्या कोपीत आई तोडीवरून येईपर्यंत तो माझ्या कडेवर असायचा, मामाकडे जाईपर्यंत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नाकातली नळी उपटून काढली. सिस्टरने परत घातली तेव्हा डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण तो माझ्याकडे बघेना. भिंतीकडे तोंड. मी पेज घेऊन बसले तर हाताने वाटी सारली. मला लगेच कळलं, बाईने त्याला नाव सांगितलं. गाठीचं खरं नाव.

मी तडक डॉक्टरांकडे गेले. तरणा पोरगाच आहे, पण ऐकून घेतलं. म्हणाला, ताई आमच्याच टीममध्ये आहेत, प्रत्येक पेशंटला विचारतात, आणि आजाराचं नाव त्यांनी काढलेलं नाही. मग म्हणाला, तुम्ही नसताना सहादेवरावांनी दहावर बोट ठेवलं. मी म्हटलं, तिनेच दाबलं असेल. त्यावर तो म्हणाला, बोट कुणी दाबलं होतं ते त्यांनी खुणेने सांगितलंय. मला असा राग आला. आयुष्यात मी कुणाचं वाईट केलेलं नाही आणि हा काल आलेला पोरगा मला ऐकवतो.

शेकाचंही, म्हणजे मशीनच्या किरणांचं, अडलंय. जखम भरली की शेक सुरू करायचा, नाहीतर गाठ परत उठेल, असं डॉक्टर बजावून सांगतात. सहादेवसमोर कागद धरला तर त्याने हात पाठीमागे घेतला. सही नाही, अंगठा नाही. मी ओरडले, हात जोडले. ढिम्म हलला नाही.

हे सगळं त्या पडद्यानंतर सुरू झालंय, हे लक्षात घे. तू इथे येऊन त्यात भर घालू नकोस. तुला बघितलं की त्याचा धीर सुटेल, तुझं तोंड बघूनच त्याला सगळं कळेल. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुलाही माहीत आहे. आलीस तर गेटवरूनच परत जावं लागेल, सांगून ठेवते. आणि फोनवर 'मला त्यांना बघू द्या' हे टुमणं बंद कर.

मुक्ताबाई


नगर
१० ऑगस्ट २०२५, दुपार

ज्ञानेश्वरी,

कालपासून तुझा फोन लागत नाही. आरतीने एकदा उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. मागची चिठ्ठी वाचून तुम्ही मायलेकींनी जे ठरवलं असेल ते बरोबरच ठरवलंय. तरी ही शेवटपर्यंत वाच.

आधी एवढं वाच की सहादेव जिवंत आहे, खाटेवर आहे, आणि त्याच्याजवळ माणूस बसलंय.

काल राखीपौर्णिमा. सकाळी तो मला जरा निवळल्यासारखा वाटला. वाटी सारली नाही. मी केस विंचरून दिले तर देऊ दिले. मला वाटलं, आलं माणूस जागेवर. म्हटलं, बस, मी राखी घेऊन येते. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं भावाची माया. कापड बाजारात गेले, चांगली रेशमी बघून घेतली.

परत आले तर खाट रिकामी. भीमाबाई जिन्याकडे तोंड करून उभी, हात छातीवर. तो उठून जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत गेला होता. नाकात नळी, गळ्यात नळी, तसाच. दाराला कुलूप होतं. एरवी ते उघडं असतं, बायका तिथे कपडे वाळत घालतात. मोनिकाने चार दिवसांपूर्वी ते लावून घेतलं होतं, आणि ह्या खाटेवरचा माणूस उठला की मागे जायचं, असं वॉर्डातल्या मावशींना सांगून ठेवलं होतं. मावशी त्याच्या मागेच होती. तिने त्याला पायरीवर बसवलं, आणि मी पोचले तेव्हा तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला होता. मी हाक मारली तर डोकं उचललं नाही.

कार्डावरचे माझे दोन तिने खरे मानले असते तर दार उघडं राहिलं असतं. हे मी कालपासून वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून बघतेय, दुसरं काही निघत नाही.

नंतर मोनिकाने मला तिच्या खोलीत नेलं. चहा दिला. मी तो चहासुद्धा आधी नुसता बघत बसले, काय घातलं असेल त्यात. आता शिव्या देईल, आता पोलिसांचं नाव काढेल, अशी मी वाट बघत होते. मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं. ती म्हणाली, "आक्का, त्यांना आजाराचं नाव ऑपरेशनच्या आधीपासून माहीत आहे. त्यांच्या ऊसतोडीच्या मुकादमाला हेच झालं होतं. नावाचं त्यांना काही नाही."

मी विचारलं, मग कशाचं आहे?

ती म्हणाली, सांगायची परवानगी त्याने आज दिली. त्या दिवशी पडद्याआड त्याने बायका-पोरांचं चित्र उचललं. त्यातल्या बाईवर अंगठा दाबला आणि तिला झाकून टाकलं. मग स्वतःच्या बांधलेल्या तोंडाला हात लावला आणि दाराकडे हात झटकला. तिने दोन-तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्याला वाटतं, ऑपरेशननंतर तो शुद्धीवर नसताना तू त्याचं हे तोंड बघितलंस आणि गेलीस. गेलीस ती आलीच नाहीस. तोंड असं राहणार, बायको सोडून गेली, आता शेक घेऊन कुणासाठी जगायचं, असं त्याच्या डोक्यात बसलंय.

भीमाबाई दारातून ऐकत होती. ती आत आली आणि मला म्हणाली, "आक्का, ह्यो मानूस कपाळाला बोट लावून कुकू दावत हुता. बायकू कुटं म्हनून इचारत हुता रोज. मला परक्या बाईला कळलं, तुमाला न्हाई कळलं व्हय?"

मला कळलं होतं, ज्ञानेश्वरी. पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाम लावायची काही गरज नव्हती.

आता सगळं लिहिते. इथे एका पेशंटजवळ एकच माणूस, आणि त्या माणसाला एक पास. पास हातात असला की गेटवरचा वॉचमन सोडतो, मग तो कुणाच्याही हातात असो. बायका आपापसात बदलतात, एक खाली येते, दुसरी वर जाते. नागपंचमीला तू गेटवर उभी होतीस तेव्हा पास माझ्या कनवटीला होता. मी तुला सांगितलं तो आयसीयूत आहे. तो तीन दिवसांपूर्वीच वॉर्डात आला होता. खिडकीजवळ बसला होता. मी डबा घेतला, तुला एसटीला बसवलं आणि वर गेले. त्याने डब्याकडे बघितलं, कपाळावर बोट ठेवलं. मी म्हटलं, गहिनीनाथने आणून दिला. तिला कुठे सवड आहे.

एवढंच म्हणाले. त्याने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तू नाव सांगशील, रडशील, ही भीती खोटी नव्हती. पण तेवढीच नव्हती. तुझं लग्न झालं तसा तो तुझा झाला. घरी आले की 'आक्का, बसा' म्हणायचा, चहा तू आणायचीस. माझं माणूस लवकर गेलं, पोरबाळ नाही, अंगणवाडीतली पोरं संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी. इथे हा पुन्हा माझ्या हाताने खात होता. दिवसभर माझ्याकडे बघत होता. मला ते कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. त्याच्या जिवावर आलेलं असताना मला हे सुचत होतं, हे लिहिताना माझी मला लाज वाटते. मी सगळ्यांवर डोळा ठेवून होते, मोनिकावर, डॉक्टरवर, भीमाबाईवर, तुझ्यावर. कुंपणानेच शेत खाल्लं.

तू मोनिकाला फोन केला नव्हतास. मी तिला विचारलं. तुझा नंबरही तिच्याकडे नाही. खोटा आळ घेतला.

आज सकाळी मी त्याला सांगितलं. मोनिका शेजारी उभी होती, ती म्हणाली तुम्हीच सांगा, मी नाही. मी सांगितलं, सहादेव, ती आली होती. दिंडं तिने हाताने आणली होती. मी तिला वर येऊ दिलं नाही. तिला तुझं तोंड बघायचंय, रोज फोनवर तेच म्हणते, मीच अडवलंय. तो माझ्याकडे बघत राहिला. एवढं रोखून त्याने माझ्याकडे कधी बघितलं नसेल. मग त्याने कपाळाला बोट लावलं आणि प्रश्नासारखी मान हलवली. मी म्हटलं, येईल. उद्या येईल.

राखी अजून माझ्या पिशवीत आहे. त्याच्या हाताला बांधायला धजले नाही. दुपारची पेज सिस्टरने दिली, त्याने घेतली. मी दिली असती तर घेतली असती का ते मी विचारलं नाही.

मोनिकाने त्याची खाट सिस्टरांच्या टेबलासमोर हलवलीय. मावशी शेजारी स्टूल टाकून बसलीय, रात्री दुसरी येईल. मनाच्या डॉक्टरबाई बघून गेल्या, उद्या पुन्हा येणार आहेत. वेड्यांच्या म्हणवत नाही आता मला. शेकाच्या कागदावर अजून सही नाही. डॉक्टर म्हणाले थांबू, पण फार थांबता येणार नाही. त्याला तू सांग. रडायचं असेल तर रड, जे नाव घ्यायचं ते घे. त्याचं तोंड डाव्या बाजूने खाली ओढलं गेलंय, आधी सांगून ठेवते, म्हणजे दारात दचकायची नाहीस. दचकलीस तरी पुढे जा.

मोनिकावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. एवढ्या मऊ आवाजात माणूस दिवसभर कसं बोलू शकतं हे मला कळत नाही. पण तू तिच्याशी बोल.

गहिनीनाथ पहाटे दूध घेऊन निघतो. त्याच्या टेम्पोत बस, एसटीची वाट बघू नकोस. म्हशींचं मी शेजारी फोन करून सांगितलंय. आरतीला आण किंवा आणू नकोस, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पास ह्या पाकिटात घालून परत निघालेल्या गहिनीनाथच्या हाती देतेय. सहादेवला पाणी पाजून, सांगून, खाली उतरले आणि गेटसमोरच्या लिंबाखाली बसून हे लिहितेय. आता वॉचमन मला आत सोडत नाही. तू येईपर्यंत मी इथेच आहे, आणि तू आलीस की माझ्याकडे न थांबता सरळ वर जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आक्का